‘आज शाळेत काय केलं?’ – ‘काही नाही!’

“मॅडम, वर्ष अर्धं होत आलं आणि वही कोरी आहे.” दुसरीतल्या मुलीची आई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलू लागली. सोबत पुरावे होते. एक ती वही, आणि दुसरा मोबाइलमध्ये साठवलेली शाळेची साप्ताहिक पत्रं. मुलीच्या वर्गाच्या बाई दर शुक्रवारी पालकांना पानभर मजकूर पाठवतात: या आठवड्यात वर्गात काय काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार. आईने एक पत्र उघडून मला वाचून दाखवलं. “वर्गाची लांबी पावलांनी मोजली. तुटक्या पट्टीने पेन्सिली मोजल्या. गोष्टीचा शेवट बदलून सांगितला. बियांचं निरीक्षण चालू आहे.” मग मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाली, “आता सांगा, पावलं टाकायला शाळा कशाला हवी?”

(हा अनुभव लिहिण्यासाठी पालकांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशी चिंता घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे पालक मला नेहमी भेटतात. शाळेत नुसते खेळ आणि उपक्रम चालतात, लिखाण कमी, गृहपाठ जवळजवळ नाही, आणि मुलाला विचारावं तर उत्तर एकच, ‘काही नाही’. या घरात मात्र चिंता एक पाऊल पुढे गेली होती. शुक्रवारी संध्याकाळी बाबा ते पत्र घेऊन बसत आणि मुलीला ओळ न् ओळ विचारत. निरीक्षणात काय दिसलं? लांबी किती आली? शेवट काय बदललास? ती म्हणे, “आठवत नाही.” मग आवाज चढत. गेले काही आठवडे शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या तिचं पोट दुखू लागलं होतं. शनिवारी सकाळी ते आपोआप थांबायचं. बाईंनी पालकांच्या माहितीसाठी पाठवलेल्या पत्राची या घरात प्रश्नपत्रिका झाली होती.

आईचे प्रश्न दोन होते. शाळा बदलावी का? की हिलाच काही अडचण आहे?

पुढच्या भेटीला मुलगी आली. शाळेचा विषय मी काढलाच नाही. चित्र काढून झालं, पेन्सिलींना टोक करून झालं. मग टेबलावर पट्टी ठेवली आणि तिच्या कडेला एक पेन्सिल अशी लावली, की तिचं एक टोक २ वर आणि दुसरं ७ वर येईल. विचारलं, “किती लांब आहे गं ही?”

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. या वयाची बरीच मुलं ‘सात’ म्हणतात, कारण पेन्सिल जिथे संपते तिथला आकडा वाचायचा एवढंच त्यांना ठाऊक असतं. काही मुलं दोन, तीन, चार असे आकडे बोटाने मोजून ‘सहा’ म्हणतात. त्यांनी रेघा मोजलेल्या असतात, रेघांमधली जागा मोजलेली नसते. वर्कशीटवर नेहमी शून्यापासून मांडलेल्या वस्तू मोजून ज्यांना दहापैकी दहा मिळतात, तीही इथे फसतात. लांबी म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, पट्टीवरचा आकडा हा फक्त ते सांगण्याचा मार्ग, ही समज आहे की नाही ते अशा वेळी उघडं पडतं.

मुलीने बोट २ वर ठेवलं आणि रेघेवरून रेघेवर उड्या मारत गेली. “पाच.”

“पण इथे तर सात लिहिलंय.”

“हो, पण दोनच्या अलीकडे पेन्सिल नाहीच ना! आमच्या बाईंनी तुटकी पट्टी दिली होती. तिला शून्यच नव्हतं.” मग न विचारताच पुढे: “आणि बाईंची पावलं कमी येतात. आमची जास्त. कारण बाईंचा पाय मोठा.”

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. ‘पावलांनी मोजलं’ आणि ‘तुटक्या पट्टीने मोजलं’ या दोन ओळींत काय दडलं होतं ते तिला मुलीकडूनच कळलं. माप मोठं असलं की आकडा लहान येतो, हा उलटा संबंध सात वर्षांच्या डोक्याला जड जातो. तो फळ्यावर लिहून दिला तर मुलं पाठ करतील. बाईंची पावलं आणि आपली पावलं जुळेनात, वर्गात भांडण झालं, मग सगळ्यांनी एकच काठी वापरायचं ठरवलं, या वाटेने गेलं की पट्टी कशासाठी लागते ते मुलांना कळतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये हाच क्रम मांडला होता. आधी हाताने करणं, मग चित्रात पाहणं, मग चिन्हांत लिहिणं. वहीचा नंबर त्या क्रमात शेवटी लागतो. म्हणून दुसरीच्या वर्षात काही पानं उशिरा भरतात, आणि ते मला चालतं.

मग आईबरोबर मी ते पत्र पुन्हा वाचलं, या वेळी आडवं नाही, उभं. म्हणजे सोमवारी काय, मंगळवारी काय अशी यादी न वाचता एकच धागा धरून. मोजमाप सोमवारी अंदाजाने आलं होतं, मंगळवारी पावलांनी, गुरुवारी तुटक्या पट्टीने. आणि पुढच्या आठवड्याच्या बेतात ते बियांच्या रोपांची उंची म्हणून परत येणार होतं. मध्ये एक दिवस त्याचं नावही नाही. आईला वाटत होतं की बाई एका विषयावर टिकत नाहीत. खरं तर असं मध्ये जागा सोडून परत येणंच स्मरणाला मानवतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहॉस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे तपासलं होतं. निरर्थक अक्षरसमूहांची एक मालिका एकाच दिवशी ६८ वेळा म्हणून जो परिणाम साधला, तोच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ उजळण्यांनी साधला. एका दिवसात धडा ‘संपवून’ टाकणाऱ्या वर्गाची वही जास्त भरलेली दिसते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. पेन्सिलीची हकिकत त्यांना आवडली होती, पण प्रश्न रोखठोक होता. “मग घरी विचारलं की ‘काही नाही’ का म्हणते? खोटं बोलते?”

खोटं बोलत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन फिवुश यांनी १९८४ मध्ये नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत रोज काय होतं ते मुलं अगदी सुरुवातीपासून बऱ्यापैकी क्रमाने सांगत होती. काल काय झालं, हे विचारलं की मात्र उत्तर तोकडं यायचं. रोजचा दिवस साच्यातला असतो आणि साचा लवकर पक्का होतो. एक ठरावीक मंगळवार त्यातून वेगळा काढणं अवघड जातं. दुसरीतली मुलं त्या मुलांपेक्षा मोठी असतात, तरी ‘आज काय केलं?’ या प्रश्नाला धरायला टोकच नसतं. आपल्यालाही संध्याकाळी कुणी ‘आज ऑफिसात काय केलंस?’ विचारलं तर आपण काय सांगतो? ‘नेहमीचंच.’

शिवाय प्रश्न कधी विचारला जातो तेही बघायला हवं. दप्तर खांद्यावर आहे, बूट पायात आहेत, पोटात भूक आहे, तेव्हा सात वर्षांचं मूल चर्चेला बसणार नाही. बाबांना मी म्हटलं, शुक्रवारची तपासणी पूर्ण बंद. पत्र तुम्ही दोघांनी वाचा, तिच्यासमोर नको. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि ती कधीतरी हात दुसऱ्या कामात असताना सहज काढा. कपड्यांच्या घड्या घालताना, रस्त्याने चालताना. प्रश्न अरुंद ठेवा. ‘आज कुणाचं उत्तर तुझ्यापेक्षा वेगळं आलं?’ हा माझा आवडता प्रश्न, कारण त्यात बरोबर-चूक नाही आणि गोष्ट सांगावीच लागते. ‘बाई कशावर हसल्या?’ हाही चालतो. आधी स्वतःच्या दिवसातलं काहीतरी फसलेलं सांगितलं तर आणखी बरं. आणि ती अर्धं वाक्य बोलली की दुरुस्त करू नका, त्यात भर घाला: “अच्छा, म्हणजे काठी सगळ्यांची एकच होती? मग कोण कुठून मोजायला लागलं?” ज्या घरांत अशा गप्पा होतात, तिथली मुलं पुढे झालेल्या गोष्टी जास्त सविस्तर सांगतात.

“पण परीक्षेत हे येणार का?” बाबांनी विचारलंच. मी म्हटलं, लांबी येणारच. तुटकी पट्टी येईलच असं नाही. पण तुटकी पट्टी ज्याला कळली त्याला साधी पट्टी वेगळी शिकवावी लागत नाही. यावर त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटलं नाही. “बघू,” म्हणाले. प्रामाणिक उत्तर होतं.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी प्रत्येक उपक्रमाची वकिली करते असं वाटेल. पुष्कळ उपक्रम पोकळ असतात. कागदी ताटलीचं घड्याळ करायचं असतं. मूल चाळीस मिनिटं गोल कापतं, आकडे रंगवतं, चमकी चिकटवतं. त्या वेळात त्याने विचार केला तो गोंदाचा. मिनिटकाटा एक फेरी मारतो तेव्हा तासकाटा किती सरकतो, हा प्रश्न त्याच्यासमोर आलाच नाही. घड्याळ भिंतीवर लागतं, फोटो पालकांना जातो, सगळे खूश. मूल गुंतलेलं दिसलं म्हणजे ते शिकतंच आहे असं नसतं. हात चालू असताना डोक्याला कोणत्या गोष्टीशी झटावं लागलं, हे पाहायला हवं.

बाहेर बसलेल्या पालकाला हे कसं कळावं? बाईंना विचारून. ‘पोर्शन कुठपर्यंत आला?’ हा प्रश्न त्यासाठी निरुपयोगी. त्याऐवजी, ‘मोजताना मुलं कुठे अडली?’ असं विचारावं. ज्या शिक्षिकेने हेतू धरून उपक्रम घेतला आहे, तिला याचं उत्तर शोधावं लागत नाही. ती अडलेल्या मुलांच्या गमती सांगत सुटते. ‘सगळ्यांनी छान एन्जॉय केलं’ एवढंच उत्तर वारंवार आलं, तर चिंतेला जागा आहे. या मुलीची आई बाईंना भेटली तेव्हा बाईंनी वर्गात कोण सात म्हणालं, कोण सहा, याची नोंदवहीच पुढे केली. शाळा बदलायचा विषय तिथेच मागे पडला.

त्याच भेटीत एक वेगळी गोष्ट पुढे आली. बाई म्हणाल्या, तोंडी कामात ही पुढे असते, पण वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जाते. माझ्या खोलीत मलाही थोडी शंका आली होती. गोष्टीचं पुस्तक दिलं तेव्हा तिने चित्रांवरून गोष्ट झकास सांगितली, ओळी मात्र टाळल्या. वाचायला लावल्यावर पहिलं अक्षर पाहून शब्दाचा अंदाज बांधत होती आणि जोडाक्षराशी थबकत होती. कोरी वही पाहून आई-बाबा ज्याची काळजी करत होते ते ठीक होतं. ज्याकडे लक्ष द्यायला हवं होतं ते बोलक्या मुलीच्या बडबडीत झाकलं गेलं होतं. असं होतं. हुशार मुलं झाकतात, आणि छान झाकतात.

म्हणून उपक्रमांवर विश्वास ठेवा म्हणजे डोळे मिटा, असं मी कुणाला सांगत नाही. वाचनाची सतत टाळाटाळ, ओळ हरवणं, वर्गातली बहुतेक मुलं पुढे गेल्यावरही लहान बेरजांना दर वेळी एकपासून बोटं मोजणं, शाळेच्या दिवशी सकाळीच दुखणारं पोट, किंवा एकाही मित्राचं नाव घरी न येणं, यातलं काही आठवड्यांमागून आठवडे दिसत राहिलं तर वर्गशिक्षकांशी बोलावं. डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तो साधा उपाय पालक सर्वात शेवटी करतात. निदानाचे मोठे शब्द मात्र इंटरनेटवर वाचून मुलाला चिकटवू नयेत. सातव्या वर्षी रखडणारं प्रत्येक वाचन म्हणजे विकार नसतो, सरावाचा अभावही असतो.

या मुलीचे डोळे आणि कान ठीक निघाले. बाईंनी तिला वाचायला थोड्या सोप्या पातळीची पुस्तकं दिली आणि सगळ्यांसमोर वाचायची सक्ती काही काळ थांबवली. घरी रोज दहा मिनिटं, एक ओळ आईची, एक ओळ तिची, असं चालू झालं. शुक्रवारचं पोट दोन-तीन आठवड्यांत थांबलं. बाबा अजून पत्र वाचतात आणि अधूनमधून त्यांना राहवत नाही, पण मुलगीच आता म्हणते, “बाबा, हा परीक्षेचा प्रश्न आहे.” वाचनाचं काम अजून चालू आहे. बाई ठरावीक दिवसांनी तिच्याकडून एक पान वाचून घेतात आणि कुठे अडली ते लिहून ठेवतात. ती नोंद मात्र जरूर मागत राहा, असं मी आईला सांगितलं आहे. सत्राच्या शेवटी तिघी बसून पाहू, तेव्हा ठरवू की तज्ज्ञाकडून तपासणी हवी की आहे तेच पुरे आहे.