हुद्दा खरा की थाप?

प्रश्न : अमेरिकेत उमेदवाराच्या लष्करी सेवेवरून दर निवडणुकीत राळ उडते. पत्रकार आधीच तपासत का नाहीत?

उत्तर : तपासतात हो, पण बहुतेकदा विरोधकांनी बोंब मारल्यावर! २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांचं तेच झालं. नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव सैन्यातली २४ वर्षं खरी, कमांड सार्जंट मेजर हा हुद्दा सांभाळला हेही खरं. पण त्यासाठीचा अभ्यासक्रम पुरा न झाल्याने निवृत्तीची नोंद त्याखालच्या मास्टर सार्जंट या हुद्द्यावर. यात थाप किती आणि कारकुनी किती, हे दोन प्रवक्त्यांना भांडायला बसवून कसं कळणार? (मी तर अशा वेळी आवाजच बंद करतो.)

डेमोक्रॅटिक नेते रिचर्ड ब्लुमेंथाल यांची गोष्ट निराळी. ‘व्हिएतनाममध्ये होतो तेव्हा’ असं ते २००८ मध्ये बोलून गेले. नोकरी मात्र मरीन या अमेरिकी सैन्याच्या शाखेच्या राखीव दलात, मायदेशातच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१० मध्ये हे छापलं. बोलण्यात चूक झाली, म्हणाले आणि त्याच वर्षी सिनेटवर निवडूनही आले.

म्हणून अशा बातमीत ‘डीडी २१४’ हा सेवामुक्तीचा कागद पाहिल्याचा उल्लेख आहे का, ते बघा. हुद्दा, पदकं, परदेशातली सेवा, सगळं त्यात असतं. गार्डवाल्यांसाठी ‘एनजीबी २२’.