अक्कांना विचारा : ‘गोड गायलीस’ म्हणजे किती गुण?

(गेल्या अंकात टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांबद्दल पत्रं मागवली होती. बेळगावात चाळीस वर्षं गाणं शिकवणाऱ्या आमच्या अक्कांनी त्यांतल्या चार पत्रांना दिलेली उत्तरं.)

अक्का, परवाच्या भागात त्या लहान मुलीनं अभंग म्हटला तेव्हा आमच्या घरी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि परीक्षकांनी तिलाच सगळ्यांत कमी गुण दिले! ‘जरा कमी वाटलं’ एवढंच बोलले. हा पक्षपात नव्हे काय?
— एक वाचक, खानापूर

डोळे माझेही भरले. नंतर तोच भाग मोबाईलवर लावला, दुसऱ्या मोबाईलवर तंबोरा लावला आणि डोळे मिटून ऐकला. मग कळलं की गुण कमी पडले ते बरोबरच होतं. कमी का पडले, हे मात्र त्या पोरीला कुणी सांगितलं नाही. माझा राग आहे तो त्यावर.

त्या अभंगाचं ध्रुवपद मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) उतरतं आणि अंतरा तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) चढतो. म्हणजे जवळपास पावणेदोन सप्तकं. नऊ-दहा वर्षांच्या गळ्याला ही चढउतार सोपी नाही. खालचे सूर ऐकू यावेत म्हणून कुणीतरी तिची पट्टी, म्हणजे तिचा ‘सा’, वर नेली, पेटीवरची काळी पाच केली. ध्रुवपद छान उमटलं. अंतऱ्यात मात्र तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, पोचताना दोन्ही वेळा ती केसभर खाली राहिली. नीट बघा, त्या जागी तिची हनुवटी वर गेली आहे आणि मानेच्या शिरा ताठल्या आहेत. गळा ओढला की असंच होतं. काळी चारमध्ये तोच अभंग तिनं आरामात म्हटला असता, एखादा खालचा सूर पुसट झाला असता इतकंच.

म्हणजे चूक पट्टीची होती, आणि पट्टी मोठ्या माणसांनी ठरवलेली. परीक्षकांनी ‘बाळा, पट्टी एक सूर उतरव, गळा मोकळा होईल’ एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. ‘जरा कमी वाटलं’ ऐकून पोर घरी काय घेऊन जाणार? ‘गोड गायलीस’चंही तसंच. गोड म्हणजे सूर लागले, की लय सांभाळली, की शब्द कळले? माझ्या वर्गात ‘छान’ या शब्दाला बंदी आहे. छान काय होतं ते सांगायचं.

आमच्या शेजारचा मुलगा घरी कन्नड बोलतो, पण मराठी गाणी फार जीव लावून म्हणतो. टीव्हीवर अशाच एका मुलाच्या उच्चारांवर परीक्षक हसले. ते बघून शेजारचा पोरगा आता गातच नाही. त्याला काय सांगू?
— एक गृहिणी, निपाणी

ताई, त्याला घेऊन बसा आणि ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ हे दोन शब्द एकामागून एक म्हणायला लावा. चंद्रातला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हणायचा, चांदण्यातला च दंतमूलीय, म्हणजे दातांच्या मुळाशी. लिहिताना अक्षर एकच, त्यामुळे शिकणाऱ्याला कळावं तरी कसं? कन्नड घरातली मुलं दोन्हीकडे चंद्रातलाच च लावतात. जीभ दातांच्या मुळाशी न्यायची एवढं दाखवलं की आठवड्याभरात जमतं. ‘भाव’चं ‘बाव’ होत असेल तर भ म्हणताना तळहात तोंडासमोर धरायला सांगा. हातावर वारा लागला पाहिजे.

उच्चार सुधारणं हे परीक्षकाचं कामच आहे, ते त्यांनी केलंच पाहिजे. हसणं हे काम नव्हे. आपली मुलं कन्नड गातात तेव्हा काय होतं? कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. मराठी कानाला तो फरक सवयीचा नाही. ‘कोडु’तला ओ ऱ्हस्व म्हटला तर अर्थ ‘दे’, आणि लांबवला की त्याचंच होतं ‘शिंग’! देवाकडे मागायला जायचं आणि शिंगावर अडकायचं. माझ्या शेजारच्या कन्नड आजींनी मला ही चूक मांडीवर थाप देत देत सुधारून दिली, आणि एकदाही हसल्या नाहीत.

ई टीव्ही कन्नडवर गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा ‘एदे तुंबि हाडुवेनु’ हा गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम लागायचा, तो आमच्या गल्लीतली मराठी घरंही बघायची. मुलाचं गाणं झालं की ते कवीबद्दल, संगीतकाराबद्दल बोलायचे, आणि चुकलेली जागा स्वतः गाऊन दाखवायचे. चूक झाकायचे नाहीत. पण मूल उतरत्या मानेनं परत गेलं असं मी बघितलं नाही.

आमच्या बेळगावची मुलगी स्पर्धेत आहे. तिला मत द्यायलाच पाहिजे की नको? आणि परीक्षक आधीच ठरवून येतात म्हणतात, ते खरं काय ओ?
— एक कॉलेज विद्यार्थी, शहापूर

आपली आहे म्हणून जीव तुटतो, माझाही तुटतो. सीमेवरच्या माणसाला आपलं नाव टीव्हीवर ऐकायची भूक असते. तरी एक कर. गाणं संपलं की टीव्हीचा आवाज बंद कर आणि परीक्षक बोलायच्या आत कागदावर सूर, लय, शब्द यांचे आपले गुण लिही. आवाज पुन्हा लावायचा तो त्यानंतर. चार भाग असं केलंस की मत कुणाला द्यायचं ते मला विचारावं लागणार नाही. एवढंही लक्षात ठेव, घरी येणारा आवाज मिक्सिंग होऊन, रिव्हर्ब (घुमारा) चढून येतो. परीक्षक समोर बसून ऐकतात. तुझ्या आणि त्यांच्या कानांत फरक पडणारच.

ठरवून येतात असं मी पुराव्याशिवाय म्हणणार नाही. चुकतात मात्र नक्की. एका गणेशोत्सवात मी परीक्षक होते. एका मुलाच्या कागदावर ‘लय धावते’ असं लिहून मी त्याचे पाच गुण कापले. नंतर दुसऱ्या मुलाच्या वेळी कान देऊन ऐकलं, तर धावत होता तबला. तोवर निकाल लागला होता. मी त्याच्या घरी जाऊन सांगून आले, पण तो पुन्हा कुठल्या स्पर्धेत दिसला नाही. तेव्हापासून मी गुण लिहिण्याआधी ठेक्यावर बोट धरते.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ऑडिशनला मुंबईला नेऊ का? क्लासच्या सरांनी तिच्याकडून लताबाईंची चार गाणी हुबेहूब बसवून घेतली आहेत.
— एक आई, अनगोळ

न्या. पण ‘हुबेहूब’ या शब्दाशी जरा थांबा. आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गायचे, सभा थक्क व्हायच्या. तरीही त्यांना मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला ठेवलं, कारण नक्कल कितीही पक्की असली तरी ते शिक्षण नव्हे. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’मधली 2009 च्या महाअंतिम फेरीतली पाच मुलंही बघा. कार्तिकी जिंकली, बाकीचे चौघे जिंकले नाहीत, आणि 2021 मध्ये पाचहीजण त्याच कार्यक्रमात ज्युरी म्हणून बसले. मधल्या बारा वर्षांत जो रियाझ झाला तो कॅमेऱ्यासमोर झालेला नाही.

ऑडिशनला जाताना चारातली दोन गाणी कमी करा आणि त्या जागी तिचं स्वतःचं एक आवडतं गाणं ठेवा. पट्टी तिच्या गळ्याची. तुमचं पत्र दोन पानी आहे, त्यात सरांची फी आहे, गाडीची वेळ आहे, फ्रॉकचा रंगसुद्धा आहे. तिला कुठलं गाणं आवडतं ते मात्र कुठेच नाही. तेवढं तिला विचारून मला कळवा.