डेन्व्हरला येताय? मग गाडीतल्या सॅटेलाइट रेडिओबद्दल

नोकरीसाठी डेन्व्हरला येताय, आल्याआल्या गाडी घेणार आहात आणि सिरियस एक्सएम या सॅटेलाइट रेडिओचे दर महिन्याला पैसे भरावेत का, असं विचारलंत. गाडी शहरातल्या शहरात, ऑफिसला जाण्या-येण्यापुरती वापरणार असाल तर अजिबात भरू नका.

नव्या गाडीबरोबर बहुधा तीन महिने फुकट मिळतात. त्या मुदतीत एकदा शेजारच्या वायोमिंग राज्याकडे लांब चक्कर मारा, म्हणजे त्याचा खरा उपयोग कळेल. आय-80 महामार्गावर लॅरमी मागे पडलं की रॉलिन्सपर्यंत नुसतं माळरान. वारा एवढा की पुढचा ट्रक डुलताना दिसतो. फोनची रेंज येते-जाते, एफएमवर खरखर. तिथे सॅटेलाइट रेडिओवर बातम्या, जॅझ, बेसबॉलची कॉमेंट्री सलग ऐकू येते. एकट्याने गाडी चालवताना माणसाचा आवाज सोबतीला असणं फार मोलाचं आहे. कामासाठी असे रस्ते वरचेवर तुडवावे लागणार असतील तर खुशाल घ्या.

मात्र या रेडिओला आकाश उघडं लागतं. आय-70 वर आयझेनहॉवर बोगद्यात आवाज बंद पडू शकतो, ग्लेनवुड कॅन्यनमध्ये कडे अंगावर आले की गाणं तुटत राहतं. म्हणजे डोंगरात फिरायची आवड असेल तरी फोनवर गाणी आधी उतरवून ठेवावीच लागतात. मराठी गाण्यांसाठी तर तोच मार्ग.

पैसे भरणारच असाल तर सवलतीचा दर संपल्यावर पूर्ण दर किती, हे आधी विचारा. नूतनीकरण आपोआप होतं. सेवा बंद करायला ग्राहकांना फार ताटकळत ठेवतात म्हणून न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी 2023 मध्ये या कंपनीवर खटला भरला होता. तेव्हा मुदत संपण्याची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

आणि पहिल्या हिवाळ्यात तरी स्थानिक एफएम ऐकाच, अगदी मनापासून सांगतो. 90.1 वर कोलोरॅडो पब्लिक रेडिओच्या बातम्या फुकट मिळतात. बर्फ, वणवे, शाळा, निवडणुका, आपण जिथे राहणार तिथलं काय चाललंय ते कानावर पडत राहतं. उपग्रहावरून अख्ख्या देशाला जाणाऱ्या कार्यक्रमात तुमच्या गल्लीतल्या बर्फाची खबर कुठून येणार? डोंगरात जायच्या दिवशी मात्र निघण्याआधी राज्याच्या वाहतूक खात्याची वेबसाइट बघा. सप्टेंबर ते मे आय-70 च्या घाटातल्या पट्ट्यात बर्फासाठीचे टायर आणि टायरला लावायच्या साखळ्या यांचे नियम लागू असतात, आणि ते मोडले तर दंड होतो.