सासूबाई म्हणतात, माफ कर

प्रश्न: पाच महिन्यांपूर्वी पूर्व द्रुतगती मार्गावर मोटारीच्या धडकेत माझे मिस्टर गेले. मोटार चालवणारा मुलगा आमच्याच वसाहतीतला. त्याची आई दोनदा दारात येऊन रडून गेली. सासूबाई म्हणतात, 'आपला तर गेला, त्या पोराचं तरी आयुष्य जाऊ नये. माफ कर, तुलाच हलकं वाटेल.' आता त्या मुलाच्या वकिलाने एका कागदावर सही मागितली आहे. काय करू?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर: सही करू नका. आधी तो कागद स्वतःच्या वकिलाला दाखवा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खालचा गुन्हा आहे आणि तो आपसांत मिटवता येत नाही. खटला सरकार चालवतं. 'माझी तक्रार नाही' असं लिहून दिलंत तरी तो आपोआप बंद होत नाही. पण तोच कागद पुढे शिक्षा कमी करून घ्यायला दाखवला जाऊ शकतो. 'भरपाई मिळाली, आणखी काही मागणं नाही' अशी एखादी ओळही त्यात असू शकते.

भरपाईचा दावा वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो आणि मोटारीचा विमा चालू असेल तर पैसे सहसा विमा कंपनी भरते, त्या मुलाची आई नव्हे. मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तुमचे पाच गेलेत, म्हणून हे काम याच आठवड्यात करा. (मुदत उलटलेल्यांनीही वकिलाला विचारल्याशिवाय दावा सोडू नये.) स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता माफीचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्थिंग्टन यांनी माफीचे दोन भाग केले आहेत. एक निर्णयाचा: सूड घेणार नाही, असं ठरवणं. दुसरा भावनेचा: राग आतून ओसरणं. पहिला एका दिवसात होऊ शकतो, दुसऱ्याला वर्षं लागतात. 'माफ केलं' म्हटल्यावरही वर्षश्राद्धाला छातीत आग उठली, तर माफी खोटी ठरत नाही. दुसरा भाग अजून चालू आहे एवढाच त्याचा अर्थ.

माफीवरच काम करणारे दुसरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या पद्धतीत पहिला टप्पा रागाचाच आहे. काय गेलं ते नीट मोजायचं: माणूस, पगार, मुलांचा बाप, रात्रीची झोप. घरच्यांच्या आग्रहाने हा टप्पा गाळला की राग जात नाही, वाट बदलतो. मुलांवर ओरडण्यात निघतो नाहीतर डोकेदुखीत. पाच महिने फार थोडे आहेत. सासूबाईंनी मुलगा गमावला आहे, त्यांनी स्वतःपुरतं माफ करावं. तुमच्या वतीने त्यांना ते करता येणार नाही.

लिहून पाहा. सलग चार दिवस, रोज 15 ते 20 मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता, फक्त स्वतःसाठी. नंतर फाडलं तरी चालेल. झोपायच्या तोंडावर नको, कारण लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होतं. लिहिताना अपघाताचं दृश्य डोळ्यांपुढून हलेना, तर थांबा आणि समुपदेशकाकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं.

ती आई पुन्हा आली तर 'तुम्ही आलात ते कळलं, पण आज बोलायची माझी तयारी नाही' एवढं पुरे. पुढे कधी भेटावंसं वाटलं तर घरात नको. तिसऱ्या ठिकाणी, सोबत आपलं माणूस घेऊन, अर्धा तास. टेबलावर कागद दिसला तर उठा.

प्रश्न: वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर काम गेलं, ते प्यायला लागले आणि देणी न मिळताच वारले. माफ करायचं तर कोणाला?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: गिरणीला, सरकारला किंवा संपाला माफ करायची गरज नाही. माफी माणसाला करायची असते, धोरणाला नव्हे. त्या अन्यायाचा राग ठेवा, त्याचा उपयोग आहे: वडील 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होते का, ते पाहा. तसं असेल आणि म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी तुमच्या कुटुंबाचा अर्ज झालेला असेल, तर तिकीट नंबर, हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचे कागद एका फायलीत लावून ठेवा.

तुमच्या पत्रात 'प्यायला लागले' ही ओळ मात्र आम्ही दोनदा वाचली. माफ करायचा माणूस बहुधा तिथे आहे. वडिलांना पत्र लिहा आणि संपाबद्दल नको, घरातल्या त्या संध्याकाळींबद्दल लिहा. दुसऱ्या पानावर त्यांच्या बाजूने उत्तर लिहा. ते पान जमत नसेल तर कोरं ठेवा, महिन्याने पुन्हा बसा.