सिडनीत वाढणाऱ्या मराठी मुलाने रग्बी लीगमध्ये करिअर करावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनच ओळींचा आहे. मुलगा तेरा वर्षांचा, पेनरिथकडे राहता, तो रग्बी लीगचा प्रोफेशनल खेळाडू व्हायचं म्हणतो. करिअर म्हणून हे कसं, आणि "आपल्या मराठी मुलांच्या शरीरयष्टीला झेपेल का". पहिल्या भागाचं नीट उत्तर द्यावं म्हणून बसलो होतो, पण दुसरा भाग वाचला आणि काल रात्री झोप लागली नाही. हेच वाक्य, याच शब्दांत, माझे साडू मला सात वर्षं ऐकवत आहेत. दर गणपतीत, आरती झाली की.

म्हणून आधी तेच घेतो. शरीरयष्टीचं कारण खोटं आहे.

इंग्लंडमधल्या लीड्स ऱ्हायनोज क्लबचा रॉब बरो पाच फूट पाच इंच उंचीचा होता. शंभर-शंभर किलोच्या माणसांमध्ये तो सोळा-सतरा सीझन खेळला आणि आठ वेळा सुपर लीग, म्हणजे तिथली सगळ्यात वरची स्पर्धा, जिंकला. 2011 च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने एकट्याने पळत जाऊन केलेला ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) तुमच्या मुलाला दाखवा. पुढे 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाला आणि 2024 मध्ये तो गेला. सगळं लीड्स रडलं त्याच्यासाठी. जोनाथन थर्स्टनला पोरगा फार हाडकुळा म्हणून क्लब घेत नव्हते. त्याने पुढे चार वेळा डॅली एम मेडल, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, मिळवलं आणि 2015 च्या फायनलमध्ये बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, पहिला गुण घेईल तो जिंकेल अशा वेळी, लाथेने फील्ड गोल मारून काउबॉइज क्लबला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. कॅमरन स्मिथ एनआरएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, 430 सामने खेळला. अंगाने तो पैलवान कधीच दिसला नाही. त्याचं सगळं डोक्यात होतं.

हे मात्र कबूल करतो की तेराव्या-चौदाव्या वर्षी फरक डोळ्यांत भरतो. एनआरएलमधले जवळपास निम्मे खेळाडू पॅसिफिक बेटांच्या किंवा माओरी मुळांचे आहेत, आणि त्यांची मुलं लवकर भरतात. आपला पोरगा पंचेचाळीस किलोचा आणि समोर मिशी फुटलेला ऐंशी किलोचा, हे दर शनिवारी बघायला लागतं. पोटात गोळा येतो. पण खाली वाकून, खांदा मांडीत घालून, दोन्ही हातांनी पाय आवळता आले की ऐंशी किलोही पडतात. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या कबड्डी संघाकडून डावा कोपरा खेळलोय. चढाई करणाऱ्याचा पाय कोणत्या क्षणी अधांतरी असतो हे ज्याला कळतं, त्याला वजन मोजावं लागत नाही. माझ्या थोरल्या मुलाला मी हे घरामागच्या गवतावर शिकवलं, आणि त्याच्या टॅकलचं, म्हणजे पकडून पाडण्याचं, कौतुक त्याच्या प्रत्येक कोचने केलं. हे मी अभिमानाने सांगतो.

आता खरं काय झालं ते सांगतो. हे मी साडूंना अजून सांगितलेलं नाही.

2018 च्या नोव्हेंबरात थोरल्याची हॅरोल्ड मॅथ्यूज कपच्या संघासाठी ट्रायल मॅच होती. तेव्हा ही स्पर्धा सोळा वर्षांखालच्यांची होती, आता सतरा. एनआरएल क्लबच्या वाटेवरची ही पहिली खरी पायरी. तो हूकर, म्हणजे नऊ नंबरची जर्सी. पाडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो, त्याला प्ले-द-बॉल म्हणतात; प्रत्येक प्ले-द-बॉलनंतर चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि चेंडू दुसऱ्या टीमकडे असला की मधल्या फळीत सगळ्यात जास्त टॅकल त्यालाच करायला लागतात. कडक ऊन होतं. क्लबची दोन माणसं वही घेऊन बसलेली. मी कुंपणाला टेकून उभा होतो.

दुसऱ्या हाफमध्ये एक प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू, सरळ त्याच्या अंगावर आला. टॅकल करताना डोकं चेंडूवाल्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं असतं. त्याचं पुढे राहिलं, आणि त्या प्रॉपचं कमरेचं हाड त्याच्या कानशिलावर बसलं. तो पडला, उठला, परत एका गुडघ्यावर बसला. ट्रेनर धावत गेला. ग्राउंड कुठलं, स्कोअर काय, असले दोन-तीन प्रश्न त्याने विचारले. थोरल्याने बरोबर उत्तरं दिली. त्याला चालवत तो माझ्या बाजूच्या रेषेपाशी घेऊन आला, बाटली घ्यायला. तेव्हा थोरल्याने माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "बाबा, आपण कुठल्या बाजूला खेळतोय?"

ट्रेनर माझ्याकडे वळला. काय म्हणतोय तो, असं त्याने मला विचारलं.

मी म्हणालो, पाणी मागतोय.

ताई, मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण ती वही दिसत होती, थोरल्याची तीन वर्षं दिसत होती, पहाटे पाचला उठून त्याला जिमला सोडणं दिसत होतं. आणि माझ्या हाडात मुरलेलं वेगळंच होतं. आमच्याकडे मैदानात लागलं की त्यावर माती चोळायची आणि परत उभं राहायचं. जो बसला तो भित्रा. ट्रेनरने त्याला पाणी पाजलं आणि सोडलं. ट्रेनरला मी अजिबात दोष देत नाही. मराठी त्याला येत नव्हतं. तो बाप मानून माझ्यावर विसंबला. थोरला त्यानंतर मॅच संपेपर्यंत खेळला, आणखी टॅकल केल्या, एकदा तर चेंडू घेऊन रेषेपर्यंत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतताना एम फोर हायवेवर त्याने मला विचारलं, "बाबा, ट्रायल आजच आहे ना?" मी हो म्हटलं, झाली की आत्ता. पाच मिनिटांनी परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी गाडी हॉस्पिटलकडे वळवली.

स्कॅनमध्ये काही नव्हतं. पण डोकेदुखी राहिली ती जानेवारी संपेपर्यंत. उजेड सहन होईना, वाचता येईना, सुट्टीभर पडदे ओढून पडून राहिला. आणि त्याच दरम्यान क्लबचा फोन आला की निवड झाली आहे. पंधरा दिवस त्यांनी वाट बघितली, मग जागा दुसऱ्याला दिली. त्यांचं बरोबरच होतं, फेब्रुवारीत स्पर्धा सुरू होते. मी तेव्हा खरं बोललो असतो तर तो तेवढ्यावर बाहेर बसला असता, दोन-तीन आठवड्यांत बरा झाला असता असं डॉक्टर म्हणाले. त्याच टीमकडून खेळला असता. बायकोला हे मी वर्षभराने सांगितलं. थोरल्याला तो अठरा झाल्यावर.

म्हणून साडूंचं "आपल्या शरीराला झेपत नाही" मला सोसवत नाही. त्याच्या शरीराने सगळं झेपवलं. त्या दिवशी चुकलो तो मी.

आता करिअरचं. हा खेळ जन्माला आलाच मुळी पगाराच्या भांडणातून. उत्तर इंग्लंडातले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारची मजुरी बुडवून रग्बी खेळायचे. ती बुडालेली मजुरी भरून द्यायला वरच्या साहेबलोकांनी नकार दिला, तेव्हा 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लब एकत्र आले आणि वेगळे झाले. 1906 मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले आणि प्ले-द-बॉल आणला. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ती जुनी, पंधरा जणांची रग्बी युनियन. नातेवाइकांना सांगताना एवढं स्पष्ट करा, नाहीतर ते भलतेच व्हिडिओ बघून घाबरतात. "खेळून पोट भरतं का" असं जे विचारतात त्यांना सांगा की कामगाराचं पोट भरावं म्हणूनच हा खेळ वेगळा झाला.

पण पोट भरतं मोजक्यांचं. एनआरएलमध्ये सध्या सतरा क्लब आहेत, प्रत्येकाचे तीस मुख्य खेळाडू, म्हणजे सगळी मिळून पाचशे दहा माणसं. 2027 ला पर्थ आणि 2028 ला पापुआ न्यू गिनीची टीम येतेय, तेव्हा थोड्या जागा वाढतील. प्रत्येक क्लबला पगाराची मर्यादा आहे, 2023 पासून ती साधारण 1 कोटी 20 लाख डॉलरवर गेली, आणि तिचा मोठा घास चार-पाच स्टार खातात. ही मर्यादा गमतीची नाही. ती मोडली म्हणून मेलबर्न स्टॉर्मची 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली होती. खालच्या एनएसडब्ल्यू कपमध्ये खेळणारी कितीतरी मुलं दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव. वाट अशी: हॅरोल्ड मॅथ्यूज, मग एकोणीस वर्षांखालचा एसजी बॉल, मग एकवीसखालचा जर्सी फ्लेग, मग एनएसडब्ल्यू कप, मग एनआरएल. प्रत्येक पायरीवर बहुतेक मुलं गळतात. थोरला एसजी बॉलपर्यंत गेला, एक सीझन खेळला आणि मग क्लबने त्याला सोडलं. दहा मिनिटांची मीटिंग, हात मिळवला, संपलं.

आणि जे वर पोचतात त्यांचंही सांगतो. बॉइड कॉर्डनर सिडनी रूस्टर्सचा कॅप्टन, न्यू साउथ वेल्सचा कॅप्टन, ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन. डोक्याला बसलेल्या माराने 2021 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. 2019 मध्ये सिडनी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी एनआरएलच्या दोन माजी खेळाडूंच्या मेंदूत सीटीई हा, डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा, आजार सापडल्याचं जाहीर केलं, आणि तो खात्रीने कळतो फक्त माणूस गेल्यावर. मला कोणाला घाबरवायचं नाही. पण बाप म्हणून हे न सांगता नुसते थर्स्टनचे किस्से सांगणं मला जमणार नाही.

साडूंचं म्हणणं होतं की त्याच वेळात सिलेक्टिव्हचे, म्हणजे परीक्षा देऊन प्रवेश मिळतो त्या सरकारी शाळांचे, क्लास लावले असते तर पोरगा आज कुठे असता. तो आज लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन आहे. सतराव्या वर्षी, अजून खेळत असतानाच, त्याने टेफमधून, म्हणजे इथल्या सरकारी तंत्रशिक्षण संस्थेतून, अप्रेंटिसशिप धरली, कारण त्याच्या कोचने प्रत्येक मुलाला "हातात धंदा ठेव" असं बजावलं होतं. ही या खेळातली जुनी रीत आहे. माल मेनिंगासारखा महान खेळाडू क्वीन्सलंड पोलिसांत होता आणि वेन बेनेट तिथल्या अकादमीत. थोरला स्वतःच्या यूटमधून (मागे उघडा हौदा असलेली गाडी) कामावर जातो, कोणापुढे दबत नाही. टीममधली सामोअन, टोंगन, लेबनीज पोरं आजही आमच्या घरी येऊन बायकोच्या हातची वांग्याची भाजी मागून खातात. चौदाव्या वर्षी शाळेत त्याला रंगावरून चिडवत होते, ते ज्या दिवशी त्याने पहिला मोठा टॅकल केला त्या दिवशी थांबलं. ही वर्षं वाया गेली असं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं. मी मान्य करणार नाही. साडूंच्या मुलाने क्लास केले, तो चांगला शिकला, मला आनंदच आहे. पण दोघांची तुलना आरतीनंतर प्रसाद खाताना का करायची?

तुमच्या मुलाला खेळू द्या, असं माझं मत. पण अट घाला. दहावीनंतर शिक्षण किंवा कामाचा धंदा, दोन्हीपैकी एक चालू राहिलाच पाहिजे, कॉन्ट्रॅक्ट मिळालं तरी. मॅनेजर म्हणून कोणी लवकर गळ्यात पडायला आला तर घाई करू नका. डोक्याला लागलं तर 2024 पासून इथे एकोणीस वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना आहे: किमान एकवीस दिवस मॅच नाही, आणि अंगाला अंग लागणारा सराव सुरू करण्याआधी चौदा दिवस कुठलंही लक्षण नको. एनआरएलचे मोठे खेळाडूही आता साधारणपणे किमान अकरा दिवस बाहेर बसतात. कोच कितीही चांगला असला, फायनल असली, तरी यात सूट मागू नका. माउथगार्ड दुकानातला नको, डेंटिस्टकडून साच्याचा घ्या. या वयात दातांची जागा बदलत असते, दर वर्षी नवा करायला लागतो.

आणि ट्रेनर जर तुम्हाला विचारायला आला, तर मुलगा मराठीत जे बोलला तेच इंग्रजीत सांगा.

धाकटी मुलगी असेल तर तिलाही अडवू नका. 2018 पासून महिलांची एनआरएलडब्ल्यू आहे आणि मुलींना आता खालपासून वाट आहे.

थोरला अजून लोकल क्लबकडून खेळतो, रविवारी. मार्चमध्ये सीझन सुरू होतो. ग्राउंड वेंटवर्थव्हिलपासून लांब नाही, मेसेज केलात तर पत्ता कळवतो. मुलाला घेऊन या आणि मध्यरेषेजवळ कुंपणाशी माझ्या शेजारी उभं करा. तिथून नऊ नंबर काय करतो ते सगळ्यात नीट दिसतं.