मेक्सिकन सहकाऱ्यांचं इंग्रजी फार सपाट वाटतं. आवाजाच्या चढउताराचा सराव कसा करून घ्यावा? कोणतं ॲप चांगलं?

ॲपचं मला विचारू नका, कधी वापरलं नाही. पण मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात एका टीमबरोबर दोन वर्षं काढली आहेत, म्हणून राहवत नाही.

आमच्यातल्या एकाला अमेरिकन क्लायंटने कॉलवर विचारलं, जुनी फाइल पाठवलीस का? हा म्हणाला, 'नो, आय सेंट द न्यू फाइल.' शब्द बरोबर, पण सगळा जोर 'फाइल'वर. 'न्यू' कुठल्या कुठे गेलं. क्लायंट जुनीच फाइल उघडून बसला आणि अर्धा तास आकडे जुळेनात.

यावर आमच्या मॅनेजरने ट्रेनर आणला. त्याने तीन आठवडे 'स्कूल'चं 'एस्कूल' होतं तेच घासलं. मी म्हटलं, अहो, घोळ जोराचा आहे. तर मॅनेजर म्हणे, 'आधी तुम्हा इंडियन लोकांचं इंग्रजी बघा.' अजून खुपतं ते.

मला घोळ कळला तो मी मराठी म्हणूनच. आपण 'नवीच फाइल पाठवली' म्हणतो. 'च' लावला की भागतं. स्पॅनिशमध्ये 'आर्चिबो नुएवो', शब्दशः 'फाइल नवीन', म्हणजे 'नवीन' नंतर येतं, आणि जोर बहुधा वाक्याच्या शेवटच्या शब्दावर पडतो. तिथे आपोआप जमतं. इंग्रजीत 'न्यू' आधी, पण यांचा जोर सवयीने शेवटीच.

म्हणून एकच वाक्य घ्या आणि प्रश्न बदला: कोणी पाठवली? कोणती फाइल पाठवली? दर वेळी उत्तर तेच शब्द न् शब्द, फक्त जोर हलवायचा. आधी ओठ मिटून नुसतं हुं-हुं करायला लावा. त्यावरून प्रश्न कोणता ते ओळखता आलं, तरच तोंड उघडू द्या. आणि 'द', 'टू', 'फॉर' गिळायला शिकवा. स्पॅनिशमध्ये स्वर असे गिळत नाहीत, त्यामुळे हे लोक प्रत्येक अक्षर पूर्ण वाजवतात आणि जोराचा शब्द उठूनच दिसत नाही. आमच्या त्या पठ्ठ्याला हे गिळणं म्हणजे निव्वळ आळशीपणा वाटायचा!

हो, आणि हे माझ्या मेक्सिकन टीमपुरतं. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसची स्पॅनिश इटालियनसारखी हेलकावे घेते, तिथे कुणाला सपाट म्हणू नका.

तुमचाही मॅनेजर 'एस्कूल'च्या मागे लागेल. लागू दे. माझ्या दोन वर्षांत त्या 'ए'पायी एकही फाइल चुकली नाही.