अमेरिकेत कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांची लोकांना आता भीती वाटत नाही का?

वाटते. पण सवयही होते, आणि मला राग त्या सवयीचा जास्त येतो. मी टेक्सासात राहते, म्हणून इथलंच सांगते.

1 जानेवारी 2016 पासून इथे लायसन्सवाल्यांना पिस्तूल उघड लावायची मुभा मिळाली. त्याआधी 1871 पासून तशी बंदी होती. (रायफल खांद्याला अडकवून फिरायला मात्र नव्हती. का, ते मला विचारू नका.) त्याच वर्षी किराणा घ्यायला गेले होते, चार वर्षांची लेक ट्रॉलीत. पुढे एक गृहस्थ दह्याचे डबे बघत उभे. कमरेला तपकिरी चामड्याचं होल्स्टर आणि पिस्तुलाची मूठ बरोबर लेकीच्या नाकासमोर. माणूस साधा, आमच्याकडे बघून हसलासुद्धा. पण खालच्या फळीकडे वाकला की उजवं कोपर पिस्तुलावर घट्ट दाबून धरायचा, डबे डाव्या हाताने उचलायचा. लेकीने बोट दाखवून मोठ्याने विचारलं, "आई, हे काका पोलीस आहेत?" मी भरलेली ट्रॉली तिथेच सोडली, तिला उचललं आणि बाहेर पडले.

घरी नवरा हसला. "जो दाखवतो त्याला काय घाबरायचं? लपवतो त्याला घाबर." कोपराचं सांगितलं तर म्हणे, मागून कुणी ओढून घेऊ नये म्हणून तसं शिकवतातच. म्हणजे ज्याच्या कमरेला आहे तोही निर्धास्त नाही! हे मला रात्री अंथरुणावर सुचलं, तोवर तो घोरत होता.

सप्टेंबर 2021 पासून तर 21 वर्षांवरच्या बहुतेकांना इथे लायसन्सही लागत नाही. दुकानदाराला नको असेल तर त्याने दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये इंच इंच उंचीच्या अक्षरांची पाटी लावायची. इथल्याच एल पासो शहरात वॉलमार्टच्या दुकानात झालेल्या गोळीबारानंतर 2019 मध्ये वॉलमार्टनेही गिऱ्हाइकांना उघड पिस्तूल आणू नका अशी विनंती केली. पण गेल्या वर्षी रांगेत माझ्या पुढच्याच माणसाकडे पिस्तूल होतं, हे लेकीने गाडीत बसल्यावर सांगितलं. मला दिसलंच नव्हतं. दृष्टिकोन बदलला म्हणतात तो हा असा.

शिवाय कमर कुणाची, यावरही बरंच असतं. 2 मे 1967 ला ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाची माणसं बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरली, ती ज्या विधेयकाच्या निषेधाला आली होती त्यावर राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी त्याच वर्षी सही केली. भरलेली बंदूक उघड बाळगणं बंद. आमच्या घरच्या साहेबांनीही, म्हणजे नवऱ्याने, ग्रीन कार्ड आल्यावर पिस्तूल घेतलं, लायसन्स काढलं. लावतात कुठे? शर्टाच्या आत. "आपल्यासारख्याने उगाच लोकांच्या डोळ्यांवर कशाला यायचं?"

हे टेक्सासचं झालं. न्यूयॉर्क, इलिनॉयमध्ये असं उघड लावता येत नाही, तेव्हा जिथे जाणार तिथला कायदा आधी बघा. पिस्तूल होल्स्टरमध्ये असेल तर टक लावून बघू नका, नकोसं वाटलं तर सरळ निघा. हात पिस्तुलावर गेला तर मात्र आधी बाहेर आणि मग 911 ला, म्हणजे पोलिसांना, फोन. ट्रॉलीची लाज बाळगू नका. आणि घरचं कुणी हसलं तर त्याला शर्ट वर करायला सांगा.